बाळ अंगावर आहे, गोळी घेऊ का?

"भाऊ, बाळ अंगावर आहे. ही गोळी चालते का?"

नेर परसोपंतसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न डॉक्टरपेक्षा मेडिकलवाल्याच्या वाट्याला जास्त येतो. ओपीडीत रांग असते, सोबत सासू किंवा नवरा असतो, डॉक्टर पुरुष असेल तर 'अंगावर पाजते' म्हणायला जीभ अडखळते. चिठ्ठी घेऊन काउंटरवर आल्यावर बाईला बाळ आठवतं. मेडिकलवाला पाकीट उलटंसुलटं करून बघतो. त्यावर बारीक इंग्रजीत काहीतरी इशारा छापलेलाच असतो. मग तो म्हणतो, "ताई, औषध संपेपर्यंत वरचं दूध द्या." कधी म्हणतो, "काही होत नाही, घ्या." दोन्ही उत्तरं अंदाजपंचेच.

बऱ्याच घरांत तिसराच निकाल लागतो. बाई कुणालाच न विचारता गोळ्या फळीवर ठेवून देते आणि ताप अंगावर काढते. बाळासाठी सोसलं म्हणून तिचं कौतुकही होतं. माझ्या मते या तिन्ही वाटांपैकी सगळ्यात महागात पडणारी वाट हीच.

औषध दुधात उतरतं का, एवढंच विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं येतं, आणि त्या 'हो'ला घाबरून दूध तोडलं जातं. विचारायला हवं ते हे: किती उतरतं, बाळ केवढं आहे, आणि दूध थांबवलं किंवा आईचा आजार तसाच ठेवला तर काय गमावतो? हे तीन प्रश्न नीट विचारता यावेत, एवढ्यासाठी हे प्रकरण. ते वाचून कुणी आपल्या मनाने गोळी सुरू करू नये, बंद तर मुळीच करू नये.

१. रक्तातून दुधात

गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते. स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांच्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्त आणि दूध यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ पडदा असतो. औषध हा पडदा ओलांडून दुधात येतं.

ते परतही जातं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. एकाच झऱ्यावरच्या दोन विहिरी शेतकऱ्याला माहीत असतात. एकीवर मोटार लावली की दुसरीचं पाणीही खाली जातं. रक्त आणि दूध यांचं नातं तसंच आहे. रक्तात औषध चढलं की दुधात चढतं. मूत्रपिंड आणि यकृत रक्तातलं औषध कमी करू लागले की दुधातलं औषधही पडद्यातून मागे फिरतं. म्हणून 'गोळी घेतली, आता दूध पिळून फेकून दे' या सल्ल्यात फारसा अर्थ नाही. दूध पिळल्याने औषध लवकर जात नाही. छाती दाटली म्हणून पिळायचं असेल तर जरूर पिळावं, पण औषध काढायला नव्हे.

सगळी औषधं सारखी उतरत नाहीत. हेपारिनचे रेणू इतके मोठे असतात की ते पडद्यापाशीच अडतात. आयबुप्रोफेन किंवा वॉरफरिन रक्तातल्या प्रथिनांना इतकं घट्ट चिकटून राहतं की सुटं उरतं अगदी थोडं, आणि पडदा ओलांडता येतो तो सुट्या औषधालाच. चरबीत विरघळणारी औषधं तुलनेने सहज जातात, कारण दुधात स्निग्धांश असतो. मेंदूवर काम करणारी, झोप आणणारी औषधं बहुधा या गटातली.

पडद्यानंतर दुसरा अडसर बाळाच्या पोटाचा. दुधात आलेलं औषध बाळाच्या आतड्यातून रक्तात शिरलं तरच त्याचा परिणाम होणार. जेन्टामायसिन सुईने द्यावं लागतं ते यामुळेच. तोंडाने घेतलं तर ते जवळजवळ शोषलंच जात नाही. आईला जेन्टामायसिनची सुई दिली आणि थोडं दुधात उतरलं, तरी बाळाच्या रक्तात नावालाच पोचतं. फार तर बाळाची शी थोडी पातळ होईल.

बाळंतपणानंतरचे पहिले तीन-चार दिवस जरा वेगळे. पडद्यातल्या पेशी अजून एकमेकींना घट्ट भिडलेल्या नसतात, म्हणून त्या दिवसांत औषध अधिक सहज जातं. पण त्या दिवसांत बाळ पितं तो चीक, आणि पहिल्या दिवशी तो अवघे काही चमचे असतो. एवढ्याशा चिकात औषधाचं प्रमाण थोडं जास्त असलं तरी पोटात जाणारी एकूण मात्रा लहानच राहते. सिझेरियननंतर भूल दिली होती म्हणून चीक काढून टाकणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. आई शुद्धीवर आली, बाळ धरता येऊ लागलं, की पाजता येतं.

२. अमॉक्सिसिलिनचा हिशोब

कागद-पेन्सिल घ्या. आई ५० किलोची. तिला घशाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा दिलं आहे. म्हणजे दिवसाला १५०० मिलिग्रॅम, किलोमागे ३० मिलिग्रॅम.

मातांच्या दुधात हे औषध मोजलेलं आहे. एका वेळी १ ग्रॅम घेतल्यावर दुधात सापडलेली सगळ्यात वरची पातळी सरासरी लिटरला ०.९ मिलिग्रॅम होती. बाळ ४ किलोचं धरू. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. म्हणजे आपलं बाळ ६०० मिलिलिटर पिणार. त्यातून त्याला मिळणार ०.५४ मिलिग्रॅम. किलोमागे पाहिलं तर ०.१३५ मिलिग्रॅम.

आता आईच्या किलोमागच्या ३० मिलिग्रॅमशी ताडून बघा. अर्धा टक्काही भरत नाही. आणि दुधातली सगळ्यात वरची पातळी दिवसभर टिकते असं आपण धरलं आहे. प्रत्यक्षात ती उतरत जाते. याच बाळाला उद्या न्यूमोनिया झाला, तर डॉक्टर त्याला हेच औषध रोज १०० मिलिग्रॅमहून जास्त देतील. दुधातून त्याला अर्धा मिलिग्रॅम मिळालं म्हणून दूध तोडायचं का?

किलोमागच्या या टक्केवारीला आपण 'बाळाचा वाटा' म्हणू. हा वाटा १० टक्क्यांच्या खाली असेल तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुतेक औषधं चालतात, असा संकेत जगभरचे औषधतज्ज्ञ पाळतात. नेहमीच्या औषधांपैकी बरीचशी या रेषेच्या पुष्कळ खाली राहतात. मात्र ही रेषा सोयीसाठी आखलेली आहे. कॅन्सरच्या औषधांना ती लावत नाहीत, कारण तिथे थेंबही नको असतो.

दुधातल्या कणाची भीती वाटते तेव्हा मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचा जंतुसंसर्ग घरीच बरा करून दाखवला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. ती आरोग्यदूत बाई आजारी तान्ह्याला जेन्टामायसिनची सुई टोचायची, म्हणजे पूर्ण मात्रा थेट त्याच्या अंगात. नवजात बाळांनाच जी औषधं द्यावी लागतात, त्यांचा अंश आईच्या दुधातून आला म्हणून हबकण्याचं कारण नाही.

३. बाळ केवढं, कसं

आठ महिन्यांचं बाळ वरणभात खातं, दूध कमी पितं, आणि त्याचं यकृत-मूत्रपिंड बऱ्यापैकी कामाला लागलेलं असतं. आठ दिवसांच्या बाळाला तेच औषध बाहेर टाकायला कितीतरी जास्त वेळ लागतो. एक मात्रा पुरती जाण्याआधी दुसरी येते आणि औषध साचत जातं. औषधांमुळे बाळांना झालेल्या त्रासाच्या ज्या नोंदी आहेत, त्यातल्या बहुतेक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आहेत. सहा महिन्यांपुढे अशा नोंदी विरळ होत जातात.

म्हणून अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं, काविळीने पिवळं पडलेलं किंवा काचेच्या पेटीत असलेलं बाळ असेल, तर वरचा हिशोब तसाच लावू नये. अशा बाळाच्या आईचं औषध बालरोगतज्ज्ञाला दाखवूनच ठरवावं, मग त्यासाठी यवतमाळ किंवा अमरावती गाठावी लागली तरी चालेल.

आणखी एक गोष्ट विदर्भात विसरून चालत नाही. काही कुटुंबांत जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या रक्तपेशी काही औषधांनी फुटतात आणि कावीळ वाढते. को-ट्रायमोक्साझोल, लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन आणि मलेरियावरचं प्रायमाक्विन ही त्यातली नावं. घरात कुणाला औषधाने अचानक लाल-काळी लघवी झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

४. पाकिटावर एवढं का लिहितात?

'स्तनदा मातांनी घेऊ नये' असं कितीतरी पाकिटांतल्या पत्रकांवर असतं. त्याचा अर्थ कुणी तपासून धोका शोधला असा बहुतेक वेळा नसतो. औषधांच्या चाचण्यांत अंगावर पाजणाऱ्या बायकांना घेतच नाहीत. माहिती नाही, म्हणून कंपनी 'नको' लिहून मोकळी होते. तिच्या दृष्टीने हे सगळ्यात स्वस्त वाक्य. त्या वाक्याची किंमत बाळ मोजतं.

दुसरा गोंधळ गरोदरपणाच्या यादीचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्ये औषधांना ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं लावली. ती अक्षरं पोटातल्या गर्भासाठी होती. लोक ती अंगावरच्या बाळालाही लावू लागले. शेवटी २०१५ पासून त्या प्रशासनाने नव्या लेबलांवरून ही अक्षरंच काढायला लावली. पोटातलं बाळ आईच्या रक्ताशी नाळेने जोडलेलं असतं. अंगावरच्या बाळाच्या आणि रक्ताच्या मध्ये दोन अडसर असतात, ते आपण पाहिलेच. त्यामुळे पोटात बाळ असताना घातक असलेलं औषध अंगावर पाजताना चालू शकतं.

सोडियम व्हॅलप्रोएट हे त्याचं ठळक उदाहरण. फिटवरचं हे औषध गरोदरपणात घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात आणि बुद्धीच्या वाढीत दोष येऊ शकतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो ते देत नाहीत. पण हेच औषध दुधात अगदी कमी उतरतं. ज्या आईला दुसऱ्या कुठल्या औषधाने फिट आवरत नाहीत, तिला ते घेत पाजता येतं. फक्त पुढच्या गरोदरपणाचा विचार आधीच करावा लागतो.

५. रोजची औषधं

तापाला, अंगदुखीला, बाळंतपणाच्या टाक्यांच्या दुखण्याला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही पहिली पसंती. दोन्ही तान्ह्या मुलांनाही दिली जातात. निमेसुलाइड मात्र टाळलेलं बरं. भारतात २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला बंदी आहे, आणि काउंटरवरून 'दुखण्याची स्ट्राँग गोळी' म्हणून अजूनही तेच हातात पडतं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये पाजणाऱ्या मातांना स्पष्ट मनाई केली. काही बायकांचं शरीर या औषधांचं रूपांतर फार झपाट्याने करतं. कोडीनपासून तर मॉर्फिनच तयार होतं. मग बाळ सुस्तावतं, त्याचा श्वास मंदावू शकतो. कोणाचं शरीर तसं आहे ते वरून ओळखू येत नाही. सिझेरियननंतर मिळालेल्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल आहे का, हे नाव वाचून बघा.

पेनिसिलिनच्या कुळातली आणि सेफ गटातली, म्हणजे सेफिक्झिम, सेफॅलेक्सिन वगैरे प्रतिजैविकं चालतात. बाळाला थोडे जुलाब किंवा तोंडात पांढरा थर येऊ शकतो, एवढंच. मेट्रोनिडाझोलही नेहमीच्या मात्रेत चालतं. डॉक्सिसायक्लिनचं नाव ऐकून मातांना घाबरवतात, पण स्क्रब टायफससारख्या आजारात जीव वाचवायला ते लागतं. दुधातल्या कॅल्शियममुळे ते बाळाच्या पोटात फार शोषलं जात नाही, आणि आठ-दहा दिवसांचा कोर्स पाजत असतानाही घेता येतो.

सर्दीच्या गोळीकडे मात्र लक्ष द्या. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन दूध कमी करतं. एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच गोळीने दिवसभराचं दूध सुमारे एक-चतुर्थांशाने घटलं होतं. बाळाला सहसा फारसं काही होत नाही, उपाशी मात्र राहतं. शिंका-खाजेला झोप आणणाऱ्या जुन्या गोळीपेक्षा सेटिरिझिन किंवा लोराटाडीन बरं.

हाच धडा पाळणा लांबवण्याच्या गोळीला लागू. 'माला-एन' मध्ये इस्ट्रोजेन असतं आणि ते दूध आटवू शकतं, म्हणून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती गोळी देत नाहीत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी 'छाया' ही गोळी हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि पाजणाऱ्या आईला चालते. दर तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येतं. कॉपर-टीमध्ये तर औषधच नसतं. दूध कमी झालं म्हणून सासू सुनेच्या खाण्याला दोष देते, तेव्हा फळीवरची गोळी कुणी बघत नाही.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. कुत्रा चावला तर रेबीजची लस ताबडतोब घ्यायची, आणि पाजणं चालू ठेवायचं. एक्स-रेने दूध बिघडत नाही. सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेला रंगही दुधात नगण्य उतरतो, त्यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही.

आणि 'आयुर्वेदिक आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य. अळीव, शतावरी, बाळंतशोपा यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुडीत नुसती वनस्पती आहे की भस्मही आहे, हे न सांगणाऱ्याकडून पुडी घेऊ नये. शिसं आणि पारा दुधात उतरतात.

६. लांबचे आजार

दोन-चार दिवसांच्या औषधाला लोक कसंतरी निभावतात. खरी अडचण येते ती महिनोन् महिने चालणाऱ्या औषधांशी. तिथे 'औषध संपेपर्यंत वरचं दूध' याचा अर्थ दूध कायमचं तोडणं असा होतो.

टीबीचं घ्या. आईला टीबी निघाला की घरात पहिली हालचाल होते ती बाळ तिच्यापासून तोडण्याची. पण टीबीचे जंतू पसरतात ते आईच्या खोकल्यातून, दुधातून नव्हे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही सहा महिन्यांच्या उपचारातली चारही औषधं घेत आई पाजू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे. खोकताना तोंडावर पदर किंवा मास्क आणि खोलीत खेळती हवा हवी. इथे एक उलटी गैरसमजूतही आढळते: आई औषध खाते, म्हणजे दुधातून बाळालाही मिळतंच. मिळतं, पण इतकं थोडं की त्याने बाळाचा टीबीपासून बचाव होत नाही. बाळाला टीबी नाही ना हे तपासून त्याला आयसोनियाझिड आणि सोबत बी-६ जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं. औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर निर्णय जिल्ह्याच्या डॉक्टरांचा.

फिटच्या आजारात आईने गोळी अचानक सोडणं हा सगळ्यात मोठा धोका. बाळ मांडीवर असताना फिट आली तर काय होईल, हे सांगायला नको. रात्रीचं जागरण हेच फिटला निमंत्रण असतं, म्हणून रात्रीची एखादी पाळी घरच्यांनी उचलावी. अशा आईने खाटेवर न बसता जमिनीवर, भिंतीला टेकून पाजावं आणि बाळाला एकटीने आंघोळ घालू नये. फेनोबार्बिटोन चालू असेल तर बाळ जास्त झोपतं का, दूध ओढतं का, वजन भरतं का, यावर नजर ठेवावी.

रक्तदाबाला लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालॅप्रिल चालतात. अ‍ॅटेनोलॉल दुधात जास्त उतरतं, त्याला पर्याय मागावा. थायरॉइडची गोळी म्हणजे शरीरात जे कमी आहे त्याचीच भरपाई, तिची भीती नको. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनही चालतात.

मनाच्या आजाराबद्दल आपण गप्प असतो. बाळंतपणानंतर बाई रडत बसते, बाळाकडे बघत नाही, झोपत नाही, 'मी नकोशी झाले' म्हणते. तिला उपचार लागतात. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात इतकं कमी उतरतं की बऱ्याच बाळांच्या रक्तात ते मोजताही येत नाही. उपचाराविना राहिलेलं आईचं नैराश्य बाळाला त्याहून कितीतरी जास्त इजा करतं. टेली-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

७. कधी खरंच थांबावं लागतं

यादी लहान आहे. कॅन्सरची बहुतेक औषधं. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किंवा वाढलेल्या थायरॉइडसाठी दिलं जाणारं किरणोत्सारी आयोडीन. त्यासाठी पाजणं कित्येक आठवडे आधीच थांबवावं लागतं. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडॅरोन. अर्धशिशीवरचं अर्गोटामाइन. लिथियमच्या बाबतीत सरसकट मनाई नाही, पण बाळाच्या रक्ताची तपासणी हाताशी नसेल तर ते अवघड आहे. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन ही तर दूध बंद करण्याचीच औषधं. जखमेवर, टाक्यांवर रोज चोपडलेलं पोव्हिडोन आयोडीनही ध्यानात ठेवा. त्यातलं आयोडीन कातडीतून रक्तात आणि तिथून दुधात साठतं, आणि नवजात बाळाच्या थायरॉइडला त्रास देऊ शकतं.

विदर्भातलं एक औषध या यादीच्या उंबरठ्यावर आहे. सिकलसेलच्या रुग्णांना दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया. मूळचं कॅन्सरचं औषध, त्यामुळे पाजणाऱ्या आईला ते बंद करायचं किंवा दूध तोडायचं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई. २०२० मध्ये १६ मातांच्या दुधात ते मोजलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाचा वाटा निघाला सरासरी ३.४ टक्के, आणि पहिल्या तीन तासांनंतर दुधातली पातळी चांगलीच उतरलेली. त्यामुळे गोळीनंतर तीन तास थांबून पाजण्याचा पर्याय आता पुढे आला आहे. मात्र त्या माता सिकलसेलच्या रुग्ण नव्हत्या, आणि एकच मात्रा घेतल्यानंतरचं ते मोजमाप होतं. रोज घेणाऱ्या आईने हा निर्णय रक्तविकारतज्ज्ञाबरोबर बसूनच घ्यावा. पण कालचं 'नाही' आज 'बघू या' होऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

८. वेळ साधणं, आणि बाळाकडे बघणं

लवकर उतरणाऱ्या औषधाची गोळी बाळाला पाजून झाल्या झाल्या घ्यावी, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत रक्तातली पातळी खाली आलेली असते. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर बाळाच्या सगळ्यात लांब झोपेआधी. कापसाच्या वेचणीला जाणारी बाई सकाळी पाजून निघताना गोळी घेऊ शकते. दुपारी ती परत येईतो बराच भाग निघून गेलेला असतो. दिवसरात्र रक्तात राहणाऱ्या औषधाला ही युक्ती लागू पडत नाही. दर दोन तासांनी पिणाऱ्या तान्ह्याच्या आईनेही घड्याळाच्या मागे लागू नये.

बाळ पाजायला उठवूनही उठत नाही, ओढायला कंटाळतं, एकाएकी चिडचिडं झालंय, पुरळ आलंय, जुलाब होतायत, वजन अडलंय, यातलं काहीही औषध सुरू केल्यानंतर दिसलं तर बाळ आणि गोळ्यांचं पाकीट दोन्ही घेऊन दवाखान्यात जा.

दूध तोडण्याचा सल्ला देणाऱ्याने त्याची किंमतही सांगावी. छाती दाटते, गाठी होतात, पू होतो. चार दिवस बाटली लागलेलं बाळ पुन्हा अंगावर येईलच असं नाही. डब्याचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही, मग पावडर पातळ केली जाते. बाटलीतल्या पाण्याने जुलाब लागतात. हा धोका मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, पावसाळ्यातला कुठल्याही दवाखान्याचा मुलांचा वॉर्ड बघावा.

९. विचारायचं कुणाला, कसं

डॉक्टरांनी नाडी धरण्याआधी सांगा: बाळ अंगावर आहे, अमुक महिन्यांचं आहे, अमुक दिवसांनी जन्मलं, त्याला ही ही औषधं चालू आहेत. 'नको' असं उत्तर आलं तर विचारा: याच आजारावर पाजताना चालणारं दुसरं औषध आहे का? बहुतेक वेळा असतं. डॉक्टरांना शंका असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा 'लॅक्टमेड' हा माहितीसाठा फुकट आहे. २००६ पासून तो चालू आहे आणि मोबाइलवर औषधाचं नाव टाकलं की दुधात किती उतरतं ते दाखवतो. असं बघणारा डॉक्टर कच्चा नसतो, उलट त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्यासमोर घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या मांडा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर राज्याचा १०४ हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे.

औषधाने बाळाला किंवा आईला त्रास झाला असं वाटलं, तर त्याची नोंद व्हायला हवी, कारण अशा नोंदींवरूनच पुढच्या बायकांसाठीचा सल्ला सुधारतो. भारत सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे ही नोंद डॉक्टरशिवाय तुम्ही स्वतःही करू शकता. क्रमांक १८००-१८०-३०२४, फोनला पैसे पडत नाहीत.